खळ्यावरचा जॉन

पाप घडायला तीन गोष्टी लागतात, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. विषय गंभीर हवा, जाणीव पूर्ण हवी आणि संमती मनापासूनची हवी. तिन्हींपैकी एक जरी उणी पडली, तरी ते प्राणघातक पाप ठरत नाही. व्याख्या सुटसुटीत आहे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्यांच्या ती शतकानुशतके कामी आलेली आहे. तथापि माणसाच्या मनावर जे ओझे असते ते पुष्कळदा या व्याख्येत बसतच नाही. ज्याला त्याने संमती दिली नाही, जे त्याने निवडले नाही, किंबहुना ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही, अशा गोष्टीखाली माणूस वाकून जातो आणि तिलाच आपले पाप समजतो. या ओझ्याला काय म्हणावे आणि ते त्याच्या खांद्यावर ठेवले कोणी, हा प्रश्न एका कादंबरीने आम्हांला पुन्हा एकवार विचारायला लावला. ती वाचून बाजूला ठेवली तरी तो प्रश्न काही बाजूला झाला नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची 'गो टेल इट ऑन द माउंटन' ही पहिली कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. शीर्षक वाचकांच्या ओळखीचे असेल. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांच्या परंपरेतून आलेले हे नाताळगीत आता जगभरच्या चर्चमधून गायिले जाते आणि आपल्याकडील गायकवृंदांनाही ते अपरिचित नाही. गीतात आनंदाची वार्ता डोंगरावर जाऊन सांगायची आहे. कादंबरीतील मुलाजवळ सांगण्यासारखे जे आहे, ते मात्र त्याला डोंगरावर तर सोडाच, उशीत तोंड खुपसूनही उच्चारता येत नाही.

कथानक अवघ्या एका दिवसाचे आणि रात्रीचे. १९३५ सालच्या मार्च महिन्यातला शनिवार. न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतला जॉन ग्राइम्स त्या दिवशी चौदा वर्षांचा होतो. घरात कोणाला आठवण तरी आहे की नाही, ही त्याला धास्ती. आईला आठवण असते. ती थोडी नाणी त्याच्या हातावर ठेवते. पण त्याआधी घर झाडायचे असते. सतरंजी कितीही झाडली तरी धूळ पुन्हा वर येतेच. 'ग्राइम' या इंग्रजी शब्दाचा अर्थच मुळी काजळी, मळ असा आहे, तेव्हा हे आडनाव लेखकाने सहज दिले असेल असे वाटत नाही. दुपारी जॉन सेंट्रल पार्कमधल्या टेकडीवर चढून खाली पसरलेले श्रीमंत शहर पाहतो, एक चित्रपट पाहतो आणि घरी येतो, तो धाकटा भाऊ रॉय सुरीच्या वाराने जखमी होऊन पडलेला. बाप त्याचा राग आईवर काढतो, तिच्या थोबाडीत मारतो. संध्याकाळी जॉन चर्चची झाडलोट करायला जातो. हे चर्च म्हणजे दुकानाच्या गाळ्यात भरणारे पेन्टेकोस्टल उपासनास्थान. तेथील रात्रभराच्या प्रार्थनेत जॉन वेदीसमोर जमिनीवर कोसळतो आणि पहाटे तारण पावलेला म्हणून उठतो. एवढीच गोष्ट. मधल्या मोठ्या भागात आत्या फ्लॉरेन्स, बाप गॅब्रिएल आणि आई एलिझाबेथ यांच्या मूक प्रार्थनांमधून या कुटुंबाचा अमेरिकेच्या दक्षिणेतला, गुलामगिरीच्या सावलीतला इतिहास उलगडत जातो.

जॉनला स्वतःविषयी दोन गोष्टी लहानपणीच कळून चुकलेल्या आहेत. एक तर तो काळा आहे, आणि ज्या शहरात तो राहतो तेथे अर्धे दरवाजे काळ्यांना बंद आहेत. दुसरी गोष्ट त्याला धड शब्दांत मांडता येत नाही. त्याचे मन मुलींकडे धाव घेत नाही; चर्चमध्ये पियानो वाजवणारा, रविवारच्या शाळेत शिकवणारा, जॉर्जियाहून नुकताच आलेला सतरा वर्षांचा एलायशा त्याला भारून टाकतो. त्याचा आवाज ऐकत राहावा, त्याच्यासारखे बलवान आणि पवित्र व्हावे, एवढेच या ओढीचे रूप. संपूर्ण कादंबरीत लेखकाने तिला नाव दिलेले नाही. समलिंगी हा शब्द येत नाही, कोणी तिच्याविषयी बोलत नाही, कोणी विचारतही नाही. आणि तरीही जॉनला आतून ठाऊक आहे की आपल्यात असे काही आहे ज्याची देवाला किळस येते. शब्द पोहोचण्याआधी निवाडा पोहोचलेला आहे. आम्हांला या कादंबरीतली सर्वांत भयंकर गोष्ट ही वाटते. मारहाण, व्यभिचार आणि आत्महत्या यांची वर्णने तिच्यापुढे सौम्य ठरतात.

निवाडा पोहोचला कसा? एका वाटेचे उत्तर लेखक स्वतःच देतो. जॉनला बापाचे उघडे अंग पाहिल्याची आठवण आहे. ते पाहताना मनात दाटलेला द्वेषही त्याला आठवतो. लागलीच त्याच्या डोळ्यांपुढे नोहाचा मुलगा हाम उभा राहतो. द्राक्षारसाने धुंद होऊन तंबूत उघडा पडलेला बाप, त्याला तसा पाहणारा मुलगा, आणि मग आलेला शाप. हाम हा काळ्या लोकांचा मूळपुरुष आणि म्हणून काळे लोक जन्मतःच दास, असा अर्थ लावून अमेरिकेतील मळेवाल्यांच्या धर्मोपदेशकांनी गुलामगिरीचे समर्थन केले. ज्यांना त्या वचनाने बेड्या ठोकल्या, त्यांच्याच नातवंडांनी ते वचन दुकानाच्या गाळ्यातल्या व्यासपीठावरून ऐकले आणि खरे मानले.

उत्पत्तीच्या पुस्तकाचा नववा अध्याय आमच्या वाचकांनी घरी उघडून पाहावा. तेथे कोणाच्याही वर्णाचा उल्लेख नाही. इतकेच काय, नोहाचा शाप हामला नाहीच; तो आहे हामचा मुलगा कनान याला, आणि कनानी लोक म्हणजे इस्राएलचे शेजारी. धर्मशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ध्यानात यावी अशी ही बाब. पण तीनशे वर्षे ती कित्येकांच्या ध्यानात आली नाही, कारण न येण्यात त्यांचा लाभ होता. शास्त्रवचनाचा विपर्यास अज्ञानातून होतो असे आपण धरून चालतो. बऱ्याच वेळा तो ऊस-कापसाच्या हिशेबातून होतो.

दुसरी वाट अधिक सोज्ज्वळ दिसते. कादंबरीच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. एलायशा आणि एला मे नावाची मुलगी यांना पास्टर भर उपासनेत पुढे बोलावतात आणि सर्व मंडळीदेखत समज देतात. दोघांनी काही केलेले नाही; पास्टर स्वतःच तसे म्हणतात. पण पुढे मोह होऊ शकेल, म्हणून आधीच ताकीद. दोन कोवळी मुले मान खाली घालून उभी, मुलीची आजी गप्प बसून पाहते आहे, आणि समोर बसलेला जॉन हे सारे पाहतो. मुलगा आणि मुलगी यांच्या निरागस मैत्रीची जर ही गत, तर माझ्या मनात जे आहे त्याचे काय, हा विचार त्याच्या मनात आलाच असेल. पास्टर फादर जेम्स हे दुष्ट गृहस्थ नाहीत. एलायशा त्यांचा सख्खा पुतण्या आहे आणि त्याच्याविषयी त्यांना कळकळ आहे. पण न घडलेल्या पापाची जाहीर शिक्षा हा प्रकार आमच्या मते न्यायाला धरून नाही आणि कृपेलाही धरून नाही. असे प्रसंग फक्त पेन्टेकोस्टल मंडळ्यांतच घडतात असे मानून कॅथलिक वाचकाने निर्धास्त होऊ नये. प्रवचनाच्या ओघात 'हल्लीची मुले' असा नुसता उच्चार होतो, तेव्हा समोरच्या बाकांवर कोणती मुले बसलेली आहेत हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते.

संत थॉमस अक्विनास यांनी चुकलेल्या सद्सद्विवेकबुद्धीविषयी केलेली चर्चा येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते विवेक चुकलेला असला तरी तो माणसाला बांधून ठेवतो. जे मुळात वाईट नाही ते वाईट आहे असे एखाद्याला खरोखर वाटत असेल आणि तरी तो ते करील, तर तो आपल्या विवेकाविरुद्ध वागला, सबब दोषी ठरला. गुरुविद्यालयात हे शिकताना तर्काची एक सुंदर कसरत वाटते. पण तिचा पुढचा पदर फारसा कोणी उलगडत नाही. विवेक असा बांधून ठेवणारा असेल, तर ज्याने खोटे माप दुसऱ्याच्या विवेकात बसवले, त्याने पाप नव्हते तेथे पाप निर्माण केले असेच होत नाही काय? परूश्यांवर येशूचा मुख्य आक्षेप हाच होता की ते लोकांच्या खांद्यावर जड ओझी बांधून ठेवतात आणि स्वतः त्यांना बोटही लावत नाहीत. लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयीचे प्रभूचे बोल आपण सहसा अश्लील पुस्तके आणि चित्रपट यांच्याविरुद्ध वापरतो. ते धर्मशिक्षकालाही लागू आहेत.

मनात उठणारी ओढ आणि तिला दिलेली संमती यांत थॉमस फरक करतात. इच्छाशक्ती जागी होण्याआधीच उसळणारी भावना कृतीचा दोष कमी करते, असे ते म्हणतात. चौदा वर्षांच्या जॉनने काय निवडले? आपला वर्ण निवडला नाही, बाप निवडला नाही, हार्लेम निवडले नाही, आणि एलायशाचा आवाज ऐकून छातीत जे होते तेही निवडले नाही.

येथे ख्रिस्तसभेच्या शिकवणीविषयी बोलणे टाळता येणार नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ समलिंगी कृतींना नैतिक मान्यता देत नाही. त्याच वेळी अशी ओढ असलेल्या व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि संवेदनशीलतेने स्वीकार करावा, त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची खूणही दिसू नये, असे तो बजावतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली विमानातील वार्ताहरांशी बोलताना, देवाचा शोध घेणाऱ्या अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण, असा सवाल केला. डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून एक घोषणापत्र निघाले आणि अशा जोडप्यांना विवाहाचे स्वरूप येऊ न देता साधा आशीर्वाद देण्याची मुभा धर्मगुरूंना मिळाली. आफ्रिकेतील महागुरुस्वामींनी ती आपल्याकडे लागू न करण्याचा पवित्रा घेतला. कायद्याची बाब निराळी. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले, तो दिवस वाचकांच्या स्मरणात असेल.

व्यक्ती आणि कृती यांतला हा भेद खरा आहे, आणि तो मोडीत काढण्याचा अधिकार एका खेडोपाडीच्या धर्मगुरूला नाही. पण तो पोहोचतो कोठपर्यंत? ग्रंथात तो असतो. व्याख्यानकक्षात असतो. प्रवचनाच्या टिपणात क्वचित असतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या कानी जाईपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही; त्याला ऐकू येते ते एवढेच की तू घाण आहेस. जी शिकवण आदर आणि करुणा सांगते ती ऐकणाऱ्यापर्यंत किळस होऊन पोहोचत असेल, तर मधल्या वाटेवर उभे असलेल्यांनी, म्हणजे आम्ही धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी, शिक्षकांनी आणि मातापित्यांनी, याचा जाब द्यायला हवा. सदोमचेच उदाहरण घ्या. यहेज्केल संदेष्टा सोळाव्या अध्यायात सदोमचे पाप सांगतो ते असे की, तेथे गर्व होता, पोटभर अन्न होते, सुखाची झोप होती, आणि दुबळ्याला कोणी हात देत नव्हते. पुढच्याच वचनात घृणित कृत्यांचाही उल्लेख आहे, तो आम्ही लपवीत नाही. पण पहिले वचन आमच्या व्यासपीठांवरून किती वेळा ऐकू येते?

आता गॅब्रिएलकडे वळू. या कादंबरीतील नावे लूकच्या शुभवर्तमानातून उचललेली आहेत. तेथे गॅब्रिएल हा देवदूत जखऱ्याला वार्ता देतो की एलिझाबेथच्या पोटी योहान जन्माला येईल. बाल्डविनने जखऱ्याला वगळले आणि देवदूतालाच बापाच्या जागी बसवले. योहानच्या जन्माची आनंदवार्ता घेऊन येणारा दूत येथे त्याच जॉनच्या जन्माला कलंक मानणारा पुरुष झाला आहे. कारण जॉन त्याचा मुलगा नव्हे. एलिझाबेथचे रिचर्ड नावाच्या तरुणावर प्रेम होते. कोणा गोऱ्याने आपल्याला अडाणी म्हणू नये म्हणून स्वतःच्या हिमतीवर वाचून शहाणा झालेला हा तरुण. एके रात्री भुयारी रेल्वेच्या फलाटावर उभा असताना एका दुकानातील चोरीसाठी पोलिसांनी त्याला पकडले. चोर निराळे होते, पण गोऱ्या दुकानदाराला सगळे काळे सारखेच दिसले. मारहाण झाली, पुढे निर्दोष सुटला, आणि घरी येऊन त्याने आपल्या मनगटाच्या शिरा कापून घेतल्या. आपण आई होणार आहोत हे एलिझाबेथने त्याला अजून सांगितले नव्हते.

अशा स्थितीतल्या स्त्रीशी गॅब्रिएल विवाह करतो, तिच्या मुलाला आपला म्हणून वाढवीन असे देवासमोर वचन देतो, आणि ते पाळत नाही. नासरेथच्या योसेफाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. योसेफानेही आपला नसलेला मुलगा आपला मानला. शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. गॅब्रिएल बोलायचा थांबत नाही. तरुणपणी त्याच्या हातून अनैतिक संबंध घडला, त्यातून मुलगा झाला, त्या मुलाला त्याने कधी ओळख दिली नाही, आणि तो मुलगा परगावी सुरीने मारला गेला तेव्हाही आपणहून तोंड उघडले नाही. पहिली पत्नी डेबोरा हिला सारे ठाऊक होते. तू सांगितले असतेस तर मी त्या पोराला पोटच्या मुलासारखे वाढवले असते, असे ती मरणापूर्वी सांगून गेली. गॅब्रिएलने आपल्या पापाची देवाकडे क्षमा मागितली, आणि ती मिळाली अशी त्याची खात्री आहे. माणसांपैकी कोणाकडे मात्र त्याने ते पाप आपणहून कबूल केले नाही. हीच खात्री त्याला क्रूर करते. आपल्याला क्षमा झाली, सबब आता दुसऱ्याची धूळ झाडायची. एलिझाबेथने जॉनच्या जन्माबद्दल पश्चात्ताप करावा अशी तो अपेक्षा धरतो. बिचारी तिच्या पापाबद्दल पश्चात्ताप करीलही. पण मुलाबद्दल कोणती आई पश्चात्ताप करील? पापनिवेदन दुसऱ्या माणसाच्या कानात करावे लागते, यावर आमच्या प्रोटेस्टंट बांधवांचा आक्षेप जुना आहे. गॅब्रिएल त्या आक्षेपाला मिळालेले एक उत्तर आहे, असे आम्ही थोड्या मिश्किलीने म्हणू.

या घरात मुलाच्या बाजूने उभे राहणारे कोणी नाही असे नाही. आत्या फ्लॉरेन्स आहे. डेबोराने लिहिलेले जुने पत्र ती वर्षानुवर्षे जपून ठेवते आणि शेवटी भावाच्या नाकापुढे धरते. पण तिचे शस्त्र सत्य असले तरी हेतू सूड आहे, आणि मृत्यू तिच्या दारात येऊन उभा आहे. आई प्रेम करते आणि गप्प राहते.

त्या रात्री खळ्यावर काय घडते, हा कादंबरीचा गाभा. शेवटच्या भागाचे नाव 'थ्रेशिंग फ्लोअर', म्हणजे मळणीचे खळे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश वाचकांना आठवेल: हाती सूप घेऊन येणारा तो, खळे झाडून काढील, दाणा कोठारात आणि भूस आगीत. आपल्याकडे ज्यांनी खळे सारवले आहे, भाताची झोडणी केली आहे आणि वारा धरून भात उफणले आहे, त्यांना दाणा आणि भूस वेगळे होताना किती मार खावा लागतो हे सांगायला नको. जॉन जमिनीवर पडतो आणि एका अंधारात उतरत जातो. उपहास करणारा एक आवाज त्याला ऊठ म्हणतो. बापाचा चेहरा दिसतो. मग त्याला एक घरघर ऐकू येते, पिढ्यान्पिढ्या तुडवल्या गेलेल्यांचा हंबरडा, आणि नाकारलेल्यांचा एक अफाट समूह दिसतो ज्यात तो स्वतःही आहे. अगदी तळाशी, क्षणभर, प्रभू दिसतो. आणि ज्या आवाजाला धरून तो वर येतो तो एलायशाचा असतो.

हे परिवर्तन खरे मानावे काय? समीक्षकांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे. काहींच्या मते ही तणावाखाली आलेली भ्रांती, काहींच्या मते मंडळीत सामावून जाण्याची धडपड. आमच्यापुढे प्रश्न जरा निराळ्या रूपात येतो. १५५१ साली ट्रेंट विश्वपरिषदेने शिकवले की, देवावरील प्रेमातून आलेला पश्चात्ताप पूर्ण, आणि पापाच्या किळसेतून वा नरकाच्या भयातून आलेला पश्चात्ताप अपूर्ण. पण अपूर्ण पश्चात्तापही देवाची देणगी असून प्रायश्चित्त संस्कारात तो कृपेचे दार उघडतो. ही शिकवण अतिशय दयाळू आहे. जॉनच्या वाट्याला जे आले ते मात्र या दोहोंत बसत नाही. पश्चात्ताप अपूर्ण असला तरी तो केलेल्या पापाचा असावा लागतो. आपण आहोत याबद्दलच वाटते ती लाज. लाजेला पापनिवेदनात जागा नाही, कारण तिला क्षमा करता येत नाही. आणि तरीही त्या तळाशी प्रभू भेटतो, असे बाल्डविन लिहितो. आम्ही ते खरे मानतो. नाकारलेल्यांच्या समूहात तो भेटतो हे यशया संदेष्ट्याने फार पूर्वी सांगितलेलेच आहे. मात्र भेट झाली ती मंडळीने दिलेल्या भयामुळे झाली, असा हिशेब कोणी मांडू नये. खड्ड्यात पडलेल्याला देवाने वर काढले, तर खड्डा खणणाऱ्याने त्याचे श्रेय घेऊ नये.

बाल्डविनचे स्वतःचे आयुष्य या गोष्टीशी किती जवळचे होते, हे त्याने पुढे सांगितले आहे. २ ऑगस्ट १९२४ रोजी हार्लेममध्ये जन्म, नऊ भावंडांत थोरला, सावत्र वडील डेव्हिड बाल्डविन हे उपदेशक. चौदाव्या वर्षी तोही असाच जमिनीवर कोसळला आणि लगोलग बालउपदेशक म्हणून व्यासपीठावर उभा राहिला. तीन वर्षे त्याने गर्दी खेचली आणि सतराव्या वर्षी व्यासपीठ सोडले. 'द फायर नेक्स्ट टाइम' या १९६३ सालच्या पुस्तकात तो लिहितो की, ज्या पास्टर बाईंनी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांनी विचारले, तू कोणाचा रे लहानगा? हाच प्रश्न रस्त्यावरचे दलाल आणि गुंडही पोरांना विचारीत. कोणाचा तरी होण्याची त्याला इतकी भूक होती की ज्याने पहिल्यांदा प्रेमाने विचारले त्याच्या मागे तो गेला. आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा परिच्छेद वर्षातून एकदा वाचावा. रस्त्यावरचा माणूस आणि चर्चमधला माणूस तोच प्रश्न विचारतात. मुलाला दोघांतला फरक नंतर, कधी फार उशिरा, कळतो.

नोव्हेंबर १९४८ मध्ये चाळीस डॉलर खिशात घेऊन तो पॅरिसला गेला, आणि ही कादंबरी त्याने पुरी केली ती १९५१-५२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील लोयकरबाड या डोंगरी खेड्यात, आपला मित्र लुसियाँ याच्या कुटुंबाच्या घरात. डोंगरावर जाऊन सांगण्याचे गीत अशा रीतीने खरोखर डोंगरावर लिहून झाले. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचे आणि कॅथलिक लोकांचे. तेथे त्याच्याआधी कोणी काळा मनुष्य पाहिलेला नव्हता. पोरे त्याच्या केसांना हात लावून पाहत. त्या गावच्या चर्चमध्ये काळ्या बाहुलीने सजवलेली एक दानपेटी होती. प्रायश्चित्तकाळापूर्वीच्या उत्सवात दोन मुले तोंडे काळी करून, घोड्याच्या केसांचे टोप घालून घरोघर फिरत आणि मिशनसाठी पैसे जमवीत. एका खाणावळवाल्याच्या पत्नीने त्याला मोठ्या आनंदाने सांगितले की, गेल्या वर्षी गावाने सहा-आठ आफ्रिकन 'विकत घेतले', म्हणजे त्यांच्या धर्मांतराचा खर्च उचलला. बाल्डविनने आभार मानले. बाईंचा आनंद खोटा नव्हता, आणि युरोपातल्या अशा वर्गणीतूनच आफ्रिकेत आणि आपल्या देशातही शाळा व दवाखाने उभे राहिले. तरी 'विकत घेतले' हा शब्द, गुलामांच्या वंशजासमोर, एका कॅथलिक गृहिणीच्या तोंडून! सद्भावना आणि अपमान एकाच पेटीत जमा होत होते.

आपल्या लोकांनीही त्याला सुखाने राहू दिले नाही. १९५६ साली 'जिओव्हानीज रूम' या कादंबरीत त्याने समलिंगी प्रेमाचा विषय उघडपणे हाताळला. पहिल्या प्रकाशकाने ती नाकारली. पुढे १९६८ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे एक नेते एल्ड्रिज क्लीव्हर यांनी त्याच्यावर हल्ला चढवला की, असा मनुष्य आपल्याच वंशाचा द्वेष करतो. गोऱ्यांना तो काळा म्हणून नको आणि काळ्यांतल्या काहींना तो पुरुष म्हणून अपुरा. त्याच पक्षाचे ह्यूई न्यूटन यांनी १९७० साली समलिंगी लोकांच्या चळवळीशी हातमिळवणी करावी असे जाहीर भाषणात सांगितले, हेही नोंदवले पाहिजे. या पक्षाच्या नावावरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि मराठी साहित्यात एक नवे दालन उघडले, हे वाचकांना ठाऊकच आहे. पीडितांच्या चळवळीतही आणखी एक पायरी खाली असणारा कोणीतरी असतो, एवढा धडा त्या नावाबरोबर आपल्याकडे आला की नाही, यावर कोणा जाणत्याने स्वतंत्रपणे लिहावे.

जॉनचे पुढे काय होते हे कादंबरी सांगत नाही. पहाट झालेली आहे, मंडळी रस्त्याने घरी निघाली आहेत. जॉन एलायशाला थांबवून एक मागणे मागतो. माझे पुढे काहीही होवो, मी कोठेही जावो, लोक माझ्याविषयी काहीही बोलोत, तू एवढे लक्षात ठेव की मी तारला गेलो होतो, मी तेथे होतो, अशा अर्थाचे ते मागणे आहे. एका रात्रीत तारण पावलेल्या मुलाने असे मागावे याचा अर्थ त्याला पुढची वाट आधीच दिसलेली आहे. एलायशा त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो, जसे प्रेषित पौलाने श्रद्धावंतांना एकमेकांचे घ्यायला सांगितले आहे, आणि उन्हात चालू लागतो. जॉन वळतो. वडील समोर आहेत, आई दारात उभी आहे. जॉन वडिलांकडे पाहून हसतो. वडील हसत नाहीत.